लाडकीचा सुवेर

वाणगाव मागे पडलं तेव्हा ऊन चढायला लागलं होतं, आणि माझी थोरली बहीण लाडकी आम्हा सगळ्या बायकांच्या मागे, चांगली हाकेभर अंतरावर, एकटी चालत होती. दमली होती म्हणून नव्हे. तिला तसं चालायला सांगितलं होतं.

चैत्रात आमच्या चिंचणीच्या आळीतून महालक्ष्मीला चालत जायची रीत आहे. पूर्वी आम्ही देवीची गाणी म्हणत जायचो. आता पुढे टेम्पो असतो. टेम्पोवर कपाटाएवढे स्पीकर, सिनेमाच्या चालीत देवीचं नाव कोंबलेली गाणी, आणि मागे शर्ट काढून नाचणारी पोरं. रस्त्याच्या दोन्ही कडांना सरबताचे ग्लास, थर्माकोलच्या ताटल्या, अर्धी टाकलेली साबुदाण्याची खिचडी आणि तिच्यावर बसलेल्या माश्या. मी देवाला मानणारी बाई आहे. सकाळी दिवा लावल्याशिवाय तोंडात घास घालत नाही. पण त्या रस्त्यानं चालताना आईचं नाव ओठांवर यायच्या आधी मला मळमळतं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. लाज ज्यांनी ती घाण टाकली त्यांना वाटावी.

टेम्पोच्या मागे बायका, आणि बायकांच्या मधोमध गावाची टोपली. बांबूची साधी टोपली. तिच्यात हिरवी साडी, खण, नारळ, बांगड्या आणि आळीतल्या प्रत्येक घरातले मूठभर तांदूळ. ही आख्ख्या आळीची ओटी. देवळात पोचेपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही. एकीची मान दुखली की दुसरीच्या डोक्यावर, दुसरीची दुखली की तिसरीच्या. जिच्या डोक्यावर टोपली चढली तिचं वर्ष चांगलं जातं असं सगळ्या मानतात. मीही मानते. लग्न होऊन मी बोईसरला सरावलीत राहायला गेले, तरी यात्रेला माहेरी येते आणि माझ्या डोक्यावर ती टोपली दरवर्षी येते. लाडकीच्या डोक्यावर जन्मात एकदाही आली नव्हती. आणि तिला दुसरं काही नको होतं, तेवढंच हवं होतं.

मी मुद्दाम रेंगाळले आणि तिला गाठलं.

"तू कशाला मागं आलीस? जा पुडं. तुजा नंबर जाईल."

"गेला तर जाऊ दे."

"मग आदी नाकावरचा पदर काढ. देवीला चाललीस का गटार उपसायला?" आणि स्वतःच हसली. "मंदे, तुजं नाक देवानं नुसतं मुरडायलाच दिलंय बग."

खरं आहे ते. मला लहानपणापासून किळस फार. बाप होडीवर जायचा, आई मासे सुकवून विकायची, आणि मासेवाल्यांच्या घरात जन्मून मला मासळीचा चिकट हात सहन व्हायचा नाही. दोन दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून दोरीवर टाकायची, एवढंच काम. पण त्या थंडगार, लिबलिबीत बोंबलाच्या तोंडात बोट घालायचं म्हटलं की माझ्या घशाशी यायचं. लाडकी आईच्या नकळत माझ्या वाटणीची दोरी भरून द्यायची. मी दहावीपर्यंत शिकले ते तिच्या जिवावर. ती चौथीतच सुटली.

तर त्या दिवशी सकाळी काय झालं ते सांगते. लाडकी आठवड्यापूर्वीच इंग्लंडमधल्या लेस्टरहून आली होती. तिथे एका गुजराती घरात बाळंतीण सांभाळायला गेली होती. निघायच्या वेळी आळीतल्या देवळापुढे तिनं टोपली उचलायला पदर खोचला, आणि आमच्या चुलतभावाची बायको, महिला मंडळाची अध्यक्ष, वत्सलावहिनी आडवी आली.

"लाडकीबाय, थांब. त्या बाळाला सव्वा महिना झाला?"

"नाय. तीन आठवडे झाले. बाळंतिणीची सासू आली म्हनून मी निघाले."

"मग तुला सुवेर हाय."

सुवेर म्हणजे बाळंतिणीच्या खोलीतला विटाळ. आमच्याकडे सव्वा महिना तो पाळतात, आणि बाळंतिणीला रोज हात लावणाऱ्या बाईलाही लावतात.

"बाळ लेस्टरला हाय गो वहिनी," लाडकी म्हणाली. "मी हितं चिंचणीला."

"हात तर तेच हायत ना?"

"हात धुतलेत की मी. विमानात पन धुतले."

बायका हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "मदी एवडा समुद्र हाय. समुद्र वलांडून सुवेर येतो व्हय? बुडत नाय मदी?"

"समुद्र वलांडला तर उलट वाढतो," वत्सलावहिनी म्हणाली. कुठल्या शास्त्रात वाचलं कोण जाणे. तिनं शास्त्रच काय, वर्तमानपत्रही वाचल्याचं मला आठवत नाही. पण ती बोलली आणि सगळ्या गप्प झाल्या. कारण मंडळाच्या साड्या कोणाला मिळणार, हळदीकुंकवाला पहिलं वाण कोणाच्या ओटीत पडणार, ते तिच्या हातात.

"मागून चाल," तिनं सांगितलं. "टोपलीवर सावली पडू देऊ नको."

सावली! ज्या बाईच्या हातात या आळीतली निम्मी पोरं न्हाली, तिची सावली.

ते न्हाऊ घालणं ती शिकली कुठे, तेही सांगितलं पाहिजे. तिचं लग्न तारापूरला झालं. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली. दुसरीला मुलगा झाला, आणि सासूनं लाडकीलाच बाळाच्या पाण्याला बसवलं. पाय पसरून बसायचं, पोर पायांवर घ्यायचं, आधी तेल, मग डाळीचं पीठ, मग कढत पाणी. लाडकी सवतीच्या मुलाला न्हाऊ घालत ते काम शिकली. मला हे कळलं तेव्हा मी म्हटलं होतं, "बाय, तुला शिसारी कशी नाही आली गं?" तर म्हणते, "पोरानं काय केलंय मंदे? ते तर नागडं येतं."

ते पोर चालायला लागलं आणि ती घर सोडून चिंचणीला निघून आली. कोणाशी भांडली नाही. मी असते तर घराला काडी लावली असती.

मग ती बोईसरला साहेब लोकांच्या घरी बाळंतपणं करायला जाऊ लागली. तिथून पालघरच्या एका गुजराती कुटुंबात. त्यांची मुलगी आफ्रिकेत, नैरोबीला. तिचे दिवस भरत आले, आईचे गुडघे चालेनात, तर म्हणाले, लाडकीबेन, तुम्हीच जा. पासपोर्ट काढला. फोटोत ती अशी दचकलेली दिसते की जणू तिला पकडून नेलंय. गावात सगळ्यांचं एकच, "गू-मूत काढायला विमानानं चालली." हे वाक्य मी देवळात ऐकलं, बाजारात ऐकलं, माझ्या सासरीही ऐकलं. बोलणाऱ्यांच्या तोंडात पानाचा लाल थुंका असायचा, आणि तो ते आमच्याच ओट्यासमोर टाकायचे.

नैरोबीनंतर मस्कत. मग अमेरिकेत न्यू जर्सी, सिंगापूर, आणि शेवटी शेवटी लेस्टर दोनदा. एकीची वहिनी, तिची मावसबहीण, तिची मैत्रीण, असा तिचा पत्ता फिरत गेला. चौथी शिकलेली माझी बहीण जेवढं जग फिरली तेवढं आमच्या तालुक्यात फार कोणी फिरलं नसेल. पण तिला विचारा तिथे काय पाहिलंस, तर ती पाण्याचं सांगायची. "लेस्टरचं पानी जड. साबनाला फेसच नाय. मस्कतला थंड पान्याचा नळ सोडला तरी हात भाजतो, आंघोळीला बर्फ टाकायचा. सिंगापूरचं पानी गरीब, कायपन म्हना, ऐकतं." न्यू जर्सीत बाळाला न्हाऊ घालायला ती बाथटबात पाट मांडून बसली, तर बाळाचा बाप मोबाइलवर शूटिंग करायला लागला. तिनं त्याला तांब्या हातात दिला. "मी म्हटलं, बाबा, शूटिंग करतोस तर पानी कोन वतेल? वत आता."

एकदा विमानतळावर तिच्या पिशवीत सुके बोंबील निघाले. साहेबानं पुडी उघडली आणि तीन पावलं मागे गेला. लाडकी सांगायची, "त्याचं तोंड अगदी आपल्या मंदेसारखं झालं. मला एकदम घरची आठवन आली."

परत आली की ती विमानातल्या साबणाच्या वड्या आणि चॉकलेटं घेऊन घरोघरी जायची. वत्सलावहिनी दारातून म्हणायची, "ओट्यावर ठेव हां, घरात देव हाय." लाडकी ठेवायची. तिची पाठ वळायच्या आत पिशवी आत जायची. चॉकलेटाला सुवेर लागत नाही, असं दिसतं.

आणि सगळ्यात ओंगळ गोष्ट आदल्या वर्षीची. वत्सलावहिनीची सून हेमाली. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली, स्वरा. हेमालीला ताप, बाळ दूध ओढेना, वत्सलावहिनी घाबरून लाडकीच्या दारात आली. लाडकीनं सिंगापूरचं बोलावणं सोडलं आणि रोज दोन्ही वेळा त्या घरात राबली. स्वयंपाकघरात पाणी तापवलं, खिरी केल्या. तेव्हा त्या घरातला देव काही बोलला नाही. मग यात्रा आली. स्वरा महिन्याची. मी म्हटलं, यंदा तरी लाडकीला टोपली मिळेल. वत्सलावहिनी म्हणाली, "आमचा सुवेर धा दिवसात फिटला. पन लाडकीबाय रोज हात लावते, तिचा सव्वा महिना." म्हणजे नात हिची, आजी ही, आणि सुवेर लाडकीचा. हिनं स्वतः टोपली डोक्यावर घेतली आणि मिरवत गेली. मला त्या दिवशी प्रसादाचा घास गिळवला नाही.

हे सगळं मनात घोळत होतं, म्हणून मी या वेळी लाडकीच्या बरोबरीनं मागून चालले. तिच्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत तिनं आणलेली स्वतःची ओटी.

"बग," तिनं साडी दाखवली. हिरवीगार, जरीच्या बुट्ट्यांची. "लेस्टरच्या दुकानातून घेतली. घरी आल्यावर बगितलं तर आत लेबल. माल सुरतचा."

सुरत आमच्यापासून आगगाडीनं तीन तासांवर. आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून हसलो. हसता हसता तिनं उजव्या बरगडीखाली हात दाबला आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं?"

"काय नाय. चल." थोडं चालून म्हणाली, "मंदे, पुडच्या वर्षी मी येन का नाय ठावं नाय. लेस्टरच्या बाईनं डाक्तरला दाखवलं. लिवरमदी गाठ हाय. चांगली नाय." जरा थांबली. "यंदा टोपली मिळायला पायजे होती गो. थोडा वेळ का व्हयना."

मी तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिनं दिली नाही.

देऊळ जवळ आलं तेव्हा पुढे गडबड झाली. टेम्पो थांबला. वर्षाची स्वरा टेम्पोत हेमालीच्या मांडीवर होती, तिला कोणीतरी बर्फाचा गोळा चाटवला होता, आणि पोटाचं व्हायचं ते झालं. हेमालीची साडी, गादी, सगळं भरलं. ती आंबट घाण अशी सुटली की पोरं नाचायची थांबली. बायका नाकाला पदर लावून लांब. मीही लांब, खोटं कशाला सांगू. वत्सलावहिनीच्या डोक्यावर टोपली होती. ती तिथूनच ओरडत होती, "हेमाली, पुस की! हेमाली, कायतरी कर की! माज्या डोक्यावर आई हाय, मी हात कसा लावू?"

लाडकी मागून आली. कोणाला न विचारता पोर उचललं. रस्त्याकडेला हापशी होती. "मंदे, दांडा मार," म्हणाली. ती चिखलातच पाय पसरून बसली, स्वराला नडग्यांवर पालथं घेतलं आणि धुवायला लागली. मी श्वास कोंडून हापशी मारली. पोर आधी किंचाळत होतं, मग उचक्या देत होतं, मग लाडकीच्या गुडघ्याला गाल टेकून गप्प झालं. लाडकीनं त्याला आपल्या पदरानं पुसून हेमालीकडे दिलं. "साखरमीठाचं पानी दे, चमच्या चमच्यानं. दूध तोडू नको."

मग तिनं स्वतःचे हात धुतले. पाय धुतले. तोंड धुतलं. डोक्यावर पाणी घेतलं. तशी निथळत ती वत्सलावहिनीपुढे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले.

"वहिनी, आता दे. थोडाच रस्ता रायलाय. मी न्हाले."

लाडकीनं तोंड उघडून मागितल्याचं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. सगळ्या बायका वत्सलावहिनीकडे बघायला लागल्या.

वत्सलावहिनी दोन पावलं मागे सरली. "आता तर नायच नाय. पयला सुवेर होता, आता गू पन लागला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, तो तुमच्या नातीचा गू हाय!"

"लेकराचा झाला तरी गू तो गूच," ती म्हणाली, आणि टोपली शेजारणीच्या डोक्यावर दिली. शेजारणीनं घेतली. तिची दोन्ही पोरं लाडकीच्या हातची. तिनं खाली मान घातली, पण टोपली घेतली. बाकीच्या तितक्या बायकांतून एकही म्हणाली नाही की दे गं तिला. हेमाली टेम्पोत बसून रडत होती, सुनेचं कोण ऐकतं? मला त्या क्षणी त्या हापशीजवळच्या चिखलापेक्षा त्या कुंकू लावलेल्या तोंडांची जास्त शिसारी आली. अजून येते.

लाडकी काय म्हणाली? शहाण्यासारखं काही म्हणाली नाही. "मेली," म्हणाली. "तिच्या नवऱ्याला माज्या आईनं न्हाऊ घातलं होतं." मग बराच वेळ पदराचं टोक पिळत चालत राहिली. तो पदर तर कधीच पिळून झाला होता.

देवळात आम्ही दोघी सरळ सगळ्या लोकांच्या रांगेत उभ्या राहिलो. तिथे कोणी कोणाला सुवेर विचारत नाही. लाडकीनं आपल्या हातानं ती फिरून आलेली सुरतेची साडी देवीपुढे ठेवली, ओटी भरली, डोकं टेकलं. बाहेर आलो तेव्हा आमच्या आळीची टोपली वाजतगाजत आत चालली होती. ती बघत उभी राहिली. "माजी भरली," म्हणाली. "पन गावाच्या टोपलीत माज्या मुठीचे तांदूळ हायत मंदे. तेवडे तरी वहिनीनं काडून ठेवले नायत." आणि लगेच, "का ठेवलेत काय म्हाईत."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. पावसाळाभर माझ्याकडे सरावलीला होती. मोठ्या इस्पितळात दाखवलं, त्यांनी घरी न्यायला सांगितलं. माझ्या घरामागून कारखान्यांचा नाला जातो. त्याचं पाणी एक दिवस लाल, एक दिवस निळसर, आणि वाऱ्याची दिशा फिरली की सडलेल्या अंड्यांचा वास ताटावर येऊन बसतो. आम्हाला सवय झाली, म्हणजे आम्ही बोलायचं सोडलं. लाडकी खिडकीतून बघून म्हणाली, "मी एवडे देश फिरले, पन असलं पानी कुटं बगितलं नाय. हितं कोनाचं बाळंतपन मी घेतलं नसतं." मग दसऱ्याआधी आम्ही तिला चिंचणीला आमच्या जुन्या घरी नेलं. दिवाळी झाली आणि ती गेली.

गेल्यावर मात्र तिच्या शेजारी उभं राहायला सगळ्यांना वेळ मिळाला. आमच्याकडे एक भाऊ आहेत, त्यांना निवडणुकीला उभं राहायचंय. त्यांनी नाक्यावर फ्लेक्स लावला. वत्सलावहिनीनं मजकूर फोनवर सांगितला होता: "लाडकी, आमची बहीण." फ्लेक्सवाल्याला ते नाव आहे हे कळलंच नाही. सरकारी योजनेमुळे हल्ली त्याच्याकडे तेच शब्द दिवसरात्र छापायला येतात. त्यानं छापलं, "आमची लाडकी बहीण". खाली "कैलासवासी" आणि पुढे नावासाठी कोरी जागा. भाऊंचा फोटो माणसाएवढा, हात जोडलेला, हसरा. लाडकीचा पासपोर्टातला दचकलेला फोटो कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. दहाव्याच्या दिवशी दोन परक्या बायका मला विचारून गेल्या, "हप्ता कवा येनार, काय लिवलंय त्यावर?" नाव घालायचं राहिलंय हे मी भाऊंच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "अहो काकी, सगळ्यांना कळतं कोणाबद्दल आहे ते." तो फ्लेक्स तसाच महिनाभर होता. मग फाटला, आणि कोणीतरी कोंबड्यांच्या खुराड्यावर घातला.

दहाव्याला वत्सलावहिनी सगळ्यात मोठ्यानं रडली. हुंदके देत बायकांना सांगत होती, "साता समुद्रापलीकडं आळीचं नाव केलं गो बायनं!" रडणंही उष्टं होतं हे मला त्या दिवशी कळलं.

परवा ती सरावलीला माझ्याकडे आली. बरोबर मंडळाच्या दोघी. मी चहा केला, पोहे केले; आल्यागेल्याला मी उपाशी लावत नाही. खाऊन झाल्यावर तिनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मंदा, यंदा टोपली पयली तू घ्यायची. चिंचणीपासून वाणगावपर्यंत तूच. लाडकीबायच्या नावानं. टोपलीला तिचा फोटो लावू. भाऊ हार देनार हायत, नवा फ्लेक्स पन देनार हायत, ह्या वेळेला नाव घालून."

"तिच्या नावानं?" मी विचारलं. "तिचा सुवेर फिटला का वहिनी?"

तिला बोचलं नाही. तिनं दोन्ही हात कानाला लावले. "काय बोलतेस! गेलेल्या मानसाला कसला सुवेर? ती आता देवापाशी." मग पोह्यांचं बोट चाटत म्हणाली, "आमच्या हेमालीचे दिवस पन चैत्रातच भरतायत. लाडकीबाय असती तर मला घोर नव्हता. आता बगू, कोन बाई मिळते का." आणि उठता उठता हसून, "तू मातर तवर कुटच्या बाळंतिणीच्या वाऱ्याला उभी रावू नको हां मंदा. टोपली घ्यायची हाय तुला."

त्या गेल्या. मी कप दोनदा घासले. बशांना उकळतं पाणी घातलं. मग देवापुढे बसले, पण नाव घ्यायला जीभ वळेना.

कारण लाडकी मला एक काम सांगून गेली आहे, आणि ते मी वत्सलावहिनीला सांगितलेलं नाही. भाऊबीज झाली होती, दुपारची वेळ होती. लाडकीचं अंग हळदीसारखं पिवळं पडलं होतं, पण डोकं साफ होतं. हेमाली तिला बघून नुकतीच गेली होती, सासूच्या नकळत आली होती. पुन्हा दिवस गेलेत हे तिनं तेव्हाच सांगितलं. ती गेल्यावर लाडकीनं मला जवळ बसवलं. "पाय पसर," म्हणाली. मी पसरले. तिनं उशी माझ्या नडग्यांवर ठेवली. "मान हितं. हात असा, पालता. जोर तळव्यात, बोटात नाय."

मी म्हटलं, "बाय, हे मला कशाला शिकवतेस? मला जमणार नाही. मला ओकारी येते, तुला ठाऊक आहे."

"येऊ दे की. उठून वकून ये नि परत बस. वकारीनं कोन मरत नाय."

"आणि त्या घरात? त्या बाईच्या दारात मी पाऊल टाकू? तिनं तुला..."

"तिचं नाव कुटं घेतलं मी?" लाडकीला धाप लागली. तिनं माझं मनगट धरलं. तिच्या हातात आता जोर नव्हता, पण तळवा अजून तसाच, गरम. "हेमालीला आई नाय. वत्सलाचा हात लय जड हाय, पयल्या खेपेला तिनं पोरीला न्हाऊ घालताना खांदा उतरवला असता. मंदे, हेमालीचं बाळ आलं ना, की सव्वा महिना त्याची आंघोळ तू घाल."